पिठाच्या कड्याचा व्हिडिओ

मित्रांनो, मी गणिताचा एक जुना व्हिडिओ आहे. जुना म्हणजे चारपाच वर्षांचाच. पण आमच्यात एवढ्यात म्हातारपण येते. माझी हकिकत ऐकण्यासारखी आहे की नाही, याची मला स्वतःलाच शंका आहे. तरी सांगतो.

शाळा बंद होत्या, त्या साली माझा जन्म झाला. हिंगोलीकडच्या गोरेगावचे रत्नपाल सर तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. मुले घरात बसून आहेत, याची त्यांना चुटपुट लागली होती. त्यांच्या आवडीचा विषय टोपोलॉजी. या गणितात लांबी-रुंदी मोजत नाहीत. वस्तू रबराची आहे असे समजायचे. ती ताणायची, दाबायची, वाकवायची. मात्र फाडायची नाही आणि जोडायची नाही. एवढे पाळून एका वस्तूची दुसरी करता आली, तर त्या दोन्ही सारख्याच. म्हणून हातातले कडे आणि कान असलेला चहाचा कप हे सारखे. दोन्हींना आरपार भोक एकच.

दाखवायला रबर काही घरात नव्हते. सरांच्या पत्नी केशरबाई संध्याकाळच्या भाकरीसाठी ज्वारीचे पीठ मळत होत्या. सरांनी मोबाइल डब्यांना टेकवून उभा केला आणि त्यांनाच कडे करायला सांगितले.

“माझं तोंड न्हाई ना दिसत त्याच्यात?”

“नाही. फक्त हात दिसतात.”

“मंग चालतंय. हात काय, साऱ्या गावानं पाह्यलेत.”

हे बोलणे माझ्यात अजून आहे. ते कापायचे कसे, हे सरांना ठाऊक नव्हते.

केशरबाईंनी एका बाजूला जाड असे कडे वळले. जाड बाजूला अंगठ्याने खळगा केला. तो खोल होत गेला आणि त्याचा कप झाला. उरलेल्या बारीक भागाचा कान झाला. मुलांना हे फार आवडले. शाळा उघडल्यावरही शिक्षक मला वर्गात लावत. केशरबाई बाजारात भाव करू लागल्या की एखादे लेकरू आवाज ओळखून “कपवाली आजी!” असे ओरडे. त्या तिथे रागावल्यासारखे करत आणि घरी येऊन सरांना सांगत.

पुढे रंगीत, हलत्या चित्रांचे नवे व्हिडिओ निघाले. मला कुणी उघडीना. मला त्याचे विशेष वाटले नाही. असे व्हायचेच.

यंदा मात्र डोंगरकडा गावच्या कोमल नावाच्या मुलीने माझ्याखाली लिहिले, ‘सर, कपाचा कान होताना पीठ फाटले. आजींनी बोट पाण्यात बुडवून ते जोडले. जोडायची परवानगी असेल तर पिठाच्या सरळ काडीचेही कडे होईल. मग भोकाला अर्थ काय राहिला?’

सरांनी मला पुन्हा पुन्हा पाहिले. मुलीचे खरे होते. ज्वारीचे पीठ ताणले की तडकते. भाकरी थापताना कड चिरली की ती ओल्या बोटाने मिटवायची, ही केशरबाईंच्या हाताची सवय. त्यांना स्वतःला ते कळले नव्हते. रोज शेजारी बसून जेवणाऱ्या सरांनाही कधी दिसले नव्हते.

सरांनी मला काढून टाकायचे ठरवले. हिंगोलीला शिकणारी त्यांची नात आकांक्षा सुटीत आली होती. ती संगणकावर नवी चित्रे करून देणार होती.

“आबा, मग आजीचे हातपण जातील,” ती म्हणाली.

“नियम आपणच सांगितला आणि आपणच मोडला. चुकीचे शिकवण्यापेक्षा गेलेले बरे.”

“काहून?” आतून केशरबाई म्हणाल्या. “जलमभर भाकरी खाल्ल्या, आन् आता चिरा दिसू राहिल्या व्हय तुमाला?”

सर ओशाळले. मग गव्हाची कणीक घेऊन, केशरबाईंच्याच हातून सगळे पुन्हा करायचे ठरले. कणीक ताणली तरी लवकर फाटत नाही. पण गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर त्यांच्या उजव्या हाताची बोटे नीट मिटत नव्हती. कडे वळेना. त्यांनी गोळा परातीत ठेवला आणि हात पदराला पुसला.

“न्हाई जमत आता.”

सरांनी मोबाइल बंद केला. सफाईने कडे वळणारे ते हात आता फक्त माझ्यात उरले होते. मला पुसले की तेही जाणार होते. ठेवले तर चूक राहणार होती.

“त्या मुलीला काय उत्तर देऊ?” सर हळूच म्हणाले.

“उत्तर मी देते. फाटलं माझ्या हातानं, तुमी काय सांगता?”

आकांक्षाने मला फाटण्याच्या जागी थांबवले आणि तिथे आजीचा नवा आवाज घातला. तो असा आहे: “कोमल माय, तुझं बराबर हाय. हितं फाटलं, आन् म्या पाणी लावलं. भाकरीला चालतं, ह्या गणिताला न्हाई चालत. आता माझी नात कणकीनं करून दाखवती, तिच्याकडं ध्यान द्या. तिला भाकरी येत न्हाई, पण कणीक बरी ताणती.”

नंतर आकांक्षाचे हात येतात. कड्याचा न फाटता कप होतो. जोडणे का चालत नाही, हे सर शांतपणे समजावतात. मी पूर्वीपेक्षा थोडा लांबलो आहे आणि मध्येच थांबतो. दिसायला काही मी चांगला राहिलेलो नाही. कोमलने मात्र मला शेवटपर्यंत पाहिले आणि वर्गालाही दाखवले.

मित्रांनो, जुन्या वस्तूत चूक दिसली तर जरूर सांगा. भीड धरू नका. सांगणाऱ्याचे ऐकून ती दुरुस्तही करा. फक्त पुसून टाकण्याआधी, तिच्यात कुणाचे हात आहेत, तेवढे एकदा पाहून घ्या.