खारातली कुर्ली

मिठबावच्या वॉल्टरला एकच हौस होती, आणि ती त्याच्या बायकोच्या, रोझाच्या, डोळ्यांत तीस वर्षं खुपत होती. हौस दगडांची. साधेसुधे नव्हेत हां, जीवाश्म! कधीकाळी जिवंत असलेलं आणि आता दगड होऊन बसलेलं काहीबाही. शिंपले, लाकडं, पानांचे ठसे. पलंगाखाली दगड, कपाटावर दगड, येशूच्या तसबिरीखालीसुद्धा दगड. रोझा केर काढताना रोज म्हणायची, "ह्या घरात आमका कमी आणि तुझ्या धोंड्यांका जास्त जागा!"

जिल्ह्यात असेच आणखी काही वेडे होते. पाऊस सरला की ही मंडळी कुणाच्या तरी ओटीवर जमायची, नवे दगड मांडायची आणि काजूच्या बियांनी मतं द्यायची. यंदा पाळी वॉल्टरच्या ओटीची होती, आणि यंदा गंमतही मोठी होती. मंडळ चालवणाऱ्या जॉयसी मॅडम कणकवलीला कॉलेजात शिकवायच्या. त्यांनी कॉलेजच्या काचेच्या कपाटात एका दगडापुरती जागा मिळवली होती. सोबत छापील कार्ड, आणि कार्डावर नाव. वॉल्टरला ते कार्ड झोपेतसुद्धा दिसायचं, आणि त्यावर दुसऱ्या कुणाचं नाव असणं शक्यच नव्हतं.

कारण त्याच्याकडे कुर्ली होती ना! खाडीच्या चिखलात त्याला एक गोल धोंडा सापडला होता आणि त्यातून कुर्लीची, म्हणजे खेकड्याची, एक नांगी जेमतेम डोकावत होती. ही खबर कसालच्या दत्तारामला लागू नये म्हणून वॉल्टरनं धोंडा स्वयंपाकघरात, बरण्यांच्या मागे लपवला आणि बैठकीपर्यंत तिकडे बघितलंसुद्धा नाही. दत्ताराम काजूची बाग सांभाळून दगड जमवायचा आणि दरवर्षी सगळ्यात जास्त बिया पळवायचा. वर पुढच्या पावसापर्यंत ते ऐकवत राहायचा.

बैठकीच्या सकाळी वॉल्टर बघतो तर फळी मोकळी!

"रोझा! हंय एक गोल धोंडो होतो, तो खंय गेलो गो?"

"तो? खारातल्या आंब्यांच्या बरणीत आसा. आंबे वर येत होते, दाबूक वजन नको?"

म्हणजे मे महिन्यापासून त्याची कुर्ली मिठाच्या पाण्यात, आंब्यांच्या उरावर बसून होती! त्यानं कोपरापर्यंत हात घालून धोंडा उपसला, नळाखाली धरला आणि बघतच राहिला. आंबट खारानं वरचं मातकट कवच खाऊन टाकलं होतं आणि आतली अख्खी कुर्ली वर आली होती. काळीभोर पाठ, दोन्ही नांग्या, पायांचं पेर न् पेर! छिन्नीनं हे उभ्या जन्मात जमलं नसतं.

"देवा सायबा!" तो पुटपुटला. त्यानं कुर्ली टॉवेलात गुंडाळली.

दुपारी ओटीवर मंडळी जमली. कणकवलीच्या सारिकानं काळं पडलेलं लाकूड मांडलं. दत्तारामनं विहिरीच्या मातीत सापडलेला पानाचा ठसा असा ठेवला, जणू लग्नातलं रुखवत. मग वॉल्टरनं टॉवेल सोडला आणि सगळे पुढे वाकले. सारिकाची काजूची बी कुर्लीसमोर, मॅडमची बी कुर्लीसमोर. उरला दत्ताराम.

आता दत्तारामची एक खोड होती. हाडाचा दगड झालेला असला की त्याला जीभ चिकटते, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. तेव्हापासून तो हाड असो नसो, दिसेल त्या दगडाला जीभ लावायचा. त्यानं कुर्ली उचलली आणि पाठीवरून जीभ फिरवली.

"हो धोंडो तर आंबट लागता! मेल्या, ॲसिड घातलंस!"

झालं! ॲसिड लावलेला दगड बाद, हा मंडळाचा पक्का नियम होता. सारिकानं एकदा सुंदर शिंपला संडास धुवायच्या ॲसिडात टाकला होता आणि हाती नुसता फेस आला होता, तेव्हापासूनचा.

"ॲसिड नाय रे, रोझाचो खार तो!" वॉल्टर कळवळून म्हणाला. कोण विश्वास ठेवणार?

आतून रोझा बरणी घेऊनच बाहेर आली. सगळ्यांच्या हातावर एकेक आंबा पडला. दत्तारामनं दुसराही मागून घेतला आणि चोखत चोखत निकाल दिला, "चव तीच आसा, वयनी. पण आंबट ता आंबट. नियम तो नियम."

रोझा भडकली. "तीस वर्षां धोंडे झाडतंय मी! आज पयलो एक बघण्यासारखो निघालो, तो बाद? मग माझो आंबो पण खाली ठेव!"

दत्तारामनं आंबा घाईघाईनं तोंडात कोंबला.

जॉयसी मॅडमनं थोडा विचार केला. "नियम सभासदांना आहे. रोझा आंटी सभासद नाहीत. कुर्ली दगडातून बाहेर काढली ती त्यांनी. कार्डावर त्यांचं नाव घातलं, तर नियम मोडत नाही."

"नायतर?" वॉल्टरनं विचारलं.

"नाहीतर दत्तारामकाकांचं पान."

तीस वर्षं चिखल तुडवला कुणी? कंबर मोडून घेतली कुणी? आणि नाव कुणाचं, तर जी प्रत्येक दगडाला नाक मुरडते तिचं!

"माका नको ता नाव," रोझा म्हणाली. "तुझो जीव होतो त्याच्यात."

वॉल्टरनं कुर्लीकडे पाहिलं. ती पुन्हा पलंगाखाली ढकलायची? छे, ते त्याच्यानं झालं नसतं.

"घाला तिचा नाव," तो म्हणाला.

रोझानं पदराला हात पुसले, बाकावर टेकली आणि कुर्ली ओंजळीत घेऊन कितीतरी वेळ उलटसुलट करून बघत राहिली.

"वॉल्टर," तिनं हळूच विचारलं, "हेका किती वर्षां झाली असतली रे?"

तीस वर्षांत तिनं असं कधीच काही विचारलं नव्हतं. वॉल्टरला उत्तर तोंडपाठ होतं, दोन तास बोलला असता. पण आधी तो जाऊन तिच्या शेजारी बसला.