दंडावरची खूण

"अब देखिए, माली के लड़के को टीका लग रहा है," पडद्याशेजारी उभा राहून रंगनाथ सांगत होता.

त्रेसष्ट सालचा फाल्गुन. जयपूरच्या चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, चौकात आरोग्य खात्याने दोन बांबूंना चादर बांधून सिनेमा लावला होता. देवीवरची लस शोधणाऱ्या एका विलायती डॉक्टरचं चरित्र, तेही इंग्रजीत. लोकांनी सिनेमा बघावा आणि संपल्यावर मुलांना टोचून घ्यावं, असा खात्याचा बेत. त्यातल्या पहिल्या भागाला लोक एका पायावर तयार होते.

रंगनाथ या टोचणीच्या कामावरचा निरीक्षक, साताऱ्याकडून बदली होऊन आलेला, बोलण्यात वाकबगार. शीतळामाता कोपेल म्हणून बायका पोरांना लपवायच्या, तेव्हा त्याचं एक वाक्य ठरलेलं असे: "मैंने अपनी बेटी को खुद टीका लगाया है।" वाक्य हुकमी होतं आणि साफ खोटं होतं.

थोरल्या मुलाला, दिलीपला, त्याने स्वतःच्या हाताने टोचलं होतं. पुढच्याच महिन्यात पोरगा तापाने गेला. ताप वेगळा होता, हे रंगनाथला पक्कं ठाऊक होतं. तरी धाकट्या जयंतीच्या वेळी बायको रमा म्हणाली, "हिला हात लावायचा नाही," आणि तो गप्प बसला. गावाला शहाणपण शिकवणारा हा माणूस मनातून टरकला होता. रमाच्या नकाराचा त्याला आडोसा मिळाला, इतकंच. आज सिनेमासाठी जयंतीने हट्ट धरला म्हणून मायलेकी पुढेच बसल्या होत्या.

पडद्यावर मित्राने डॉक्टरला विचारलं, "माळ्याच्या मुलाला टोचलंस. आणि तुझ्या?" डॉक्टर खिडकीकडे तोंड करून नुसता उभा राहिला. एवढं मात्र रंगनाथने हिंदीत सांगितलं नाही.

"कांई बोल्यो?" भाजीवाल्या नाथीबाईने विचारलं. ती हो म्हणाली की गल्ली हो म्हणायची.

"कुछ नहीं। ऐसे ही बातें कर रहे हैं।"

रमाने मान खाली घातली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण नवऱ्याचा आवाज कळत होता.

सिनेमा संपला, गॅसबत्ती लागली. नातवाला कडेवर घेऊन नाथीबाई पुढे आली. "डॉक्टर साब, थांकी छोरी या ही छै? निशान दिखाओ. फेर म्हे भी लगवाल्यां."

"देर हो रही है," असं रंगनाथ म्हणेपर्यंत जयंतीने ऐटीत बाही वर केली होती. बाबांचं ते वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं की तिला ते खरंच वाटत होतं.

दंड कोरा होता. नाथीबाईने तो उजेडात नीट पाहिला, मग रंगनाथकडे पाहिलं. शरमेने त्याचे कान तापले. आता ही ओरडणार, आणि ओरडावंच हिने, असं त्याला वाटलं.

नाथीबाईने बाही हळूच खाली ओढली. "देख लियो," ती लोकांकडे वळून म्हणाली. "लैण लगाओ." मग जयंतीकडे बोट करून अगदी हलक्या आवाजात त्याला म्हणाली, "पैली ईंकै."

नातवाला खाली ठेवून तिने ओढणी पसरली आणि जयंतीपुढे आडोसा केला. रंगनाथने रमाकडे पाहिलं. रमाने लेकीचा दंड धरला.

"टोचा," ती म्हणाली. "या खोट्यात मीही होतेच."

सुई लागली तशी जयंती कळवळली. "बाबा, मतलब... आधी नव्हतं टोचलं?"

"नाही, बाळा."

"मग तुम्ही सगळ्यांना सांगायचात, ते?"

रंगनाथ सुई पुसत राहिला. पुसून झाली तरी पुसत राहिला.

नाथीबाईने ओढणी पुन्हा डोक्यावर घेतली. मागे रांग लागली होती. तिने नातवाची बाही दुमडली आणि त्याचा दंड रंगनाथसमोर धरला. "ल्यो," ती म्हणाली. त्याने सुई उचलली, पण मान वर करून तिच्याकडे बघणं काही त्याला जमलं नाही.