घोडीला दिलेला घास

"ताई, मैनाच्या तोंडात माझ्या हातचं सोडून काय बी जायचं न्हाय. पाला न्हाय, गूळ न्हाय, कौतुक तर अजिबात न्हाय."

रंगराव दफेदारांचं हे सांगणं मला त्यांच्या आवाजासकट आठवलं, पण आठवलं ते स्पर्धेच्या मैदानावर, जनावरांचे डॉक्टर भोंग्यावरून बोलत असताना. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

रंगराव फौजेच्या घोडदळातून निवृत्त झालेले. धायरीत टेकडीच्या अंगाला त्यांची छोटी पागा आहे. तिथे माझी मुलगी ऋतुजा शिकते. भरधाव घोड्यावरून भाल्याच्या टोकाने जमिनीत ठोकलेली खुंटी उचलायची, असा तो खेळ. चौघांचा एक संघ, चौघांचे गुण एकत्र. आमच्या संघात कप्तान विश्वजीत, फारसं न बोलणारा दिग्विजय, माझी ऋतुजा आणि दीपाली. दीपालीची घोडी मैना.

डॉक्टर सांगत होते, "सोडत निघाल्यावर काही घोड्यांचं रक्त तपासायला घेतलं जाईल. चहा, कॉफी, चॉकलेट, खसखस, जायफळ, यातलं काहीही घोड्याच्या पोटात गेलेलं असेल तर संघाने सोडतीआधी कळवावं. कळवलं तर तेवढा घोडा बाद. लपवलं आणि सापडलं तर अख्खा संघ बाद."

जायफळ.

माझ्या हातात सगळ्यांसाठी आणलेला उपम्याचा डबा होता. तो मी गवतावर ठेवला.

लग्न होऊन आले तेव्हापासून माझा एक नेम आहे. आधी मुक्या जिवाच्या तोंडी घास द्यायचा, मग आपण जेवायचं. सासूबाईंनी लावून दिलेला. तेव्हा दारात गाय होती. पुढे शेजारच्यांचा गोठा होता. मग त्या गोठ्याच्या जागी पार्किंग आलं, आणि मी भाकरीचा तुकडा घेऊन पागेत जाऊ लागले. मैना माझी चाहूल लागली की मान बाहेर काढायची. स्पर्धा जवळ आली तेव्हा रंगरावांनी मला ते वरचं बजावलं आणि मी 'हो' म्हटलं. भाकरी त्या दिवसापासून बंद केली. घास झाडाखाली मुंग्यांना घालत होते.

पण परवा मार्गशीर्षातला गुरुवार होता. देवीला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. नैवेद्याचं पान मुंग्यांना कसं घालायचं? मी ते पदराखाली झाकून पागेत नेलं आणि मैनाने माझ्या तळहातावरून चाटून पुसून खाल्लं. आपण रंगरावांचा शब्द मोडतोय असं मला वाटलं नाही. भाकरी हे खाणं. प्रसाद हे खाणं थोडंच असतं? इतका साधा हिशेब होता माझ्या मनात. आणि पुरणात जायफळ मी हात राखून कधीच घालत नाही.

मी मनातल्या मनात देवीचं नाव घ्यायला लागले. आई, मैनाचा नंबर तपासणीत निघू देऊ नकोस. दोन-तीनदा म्हटलं आणि मग माझीच मला शरम वाटली. मी देवीकडे काय मागत होते? तर लपवलेलं पचू दे म्हणून.

दीपाली मैनाच्या पायांना पट्ट्या बांधत होती. पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागा असतात, त्यासाठी तिला राज्य स्पर्धेतलं पदक हवं होतं. प्रमाणपत्र फक्त प्रत्यक्ष घोड्यावर उतरलेल्यांना मिळतं. आणि वयाच्या अटीत तिचं हे शेवटचं वर्ष. हे सगळं मला ठाऊक होतं. तिचे वडील दशरथराव कालच फोनवर म्हणाले होते, "वहिनी, पोरीकडे लक्ष असू द्या, मला रजा नाही."

मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सांगून टाकलं. माझा आवाज मुळात लहान. तिने दोनदा "काय?" म्हणून विचारलं. तिसऱ्यांदा मात्र विचारलं नाही.

"पुरणपोळी?" ती म्हणाली.

"हो गं."

"काकू, पुण्य तुमचं, आणि वर्ष माझं गेलं."

तिच्या हातातली पट्टी उलगडत खाली गेली, ती तिने पुन्हा गुंडाळली, पुन्हा सोडली.

विश्वजीत तिथेच खोगीर आवळत होता. सदाशिव पेठेतला मुलगा. रागावला की अधिकच सभ्य बोलतो. "छान झालं. लोक घोड्यांना इंजेक्शनं देतात. आपली घोडी पुरणपोळीवर पकडली जाणार. बरोबर कटाची आमटीपण दिली होतीत का, काकू?"

"विश्वा, पुरे," दिग्विजय म्हणाला.

"नाही, आपलं विचारून ठेवतो. पंचांनी विचारलं तर उत्तर तयार हवं."

रंगराव आले. मी त्यांच्या डोळ्यांकडे न बघता सगळं सांगितलं. ते ओरडतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी मैनाच्या मानेवर हात ठेवला.

"देवीला सांगायचं व्हतं, ताई," ते हळूच म्हणाले, "मॅच झाल्यावर जेव म्हणून."

मग त्यांनी नियम पुन्हा समजावला. मैनाचं कळवलं तर तिच्या बदली दुसरा घोडा आणता येणार नाही. तिघं उतरतील, चौथ्याचे गुण शून्य. एका घोड्यावर दोघांना आळीपाळीने बसता येणार नाही. मात्र सोडतीआधी उरलेल्या तीन घोड्यांवर कोणी बसायचं, ते संघाने ठरवावं.

"आणि नाही कळवलं तर?" विश्वजीतने विचारलं. "तपासणी सगळ्यांची नसते."

"तर मी आत्ता सामान उचलून घरला जातो," रंगराव म्हणाले. "मग तुमी आणि तुमची तपासणी."

दीपालीने तोंड मैनाच्या आयाळीत खुपसलं होतं. ती रडत होती की नाही, मला दिसलं नाही. मला दशरथरावांचा कालचा फोन आठवत होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तू घोड्यावर बसशील, दीपाली. गुलालवर. मी शब्द देते."

गुलाल ऋतुजाचा घोडा.

विश्वजीतने माझ्याकडे पाहिलं. दीपालीने मान वर केली. "ऋतुजाला विचारलंत?"

"विचारते."

ऋतुजा गुलालला पलीकडे चिंचेखाली फिरवत होती. खराडीला तिचं ऑफिस. पहाटे पागा, तिथून सगळं शहर ओलांडून कामावर, परत यायला रात्र. गेली दोन वर्षं हेच. घरात कुणी याला हौस म्हटलं की तिला राग येतो. मी तिला पहिल्यापासून सांगत गेले आणि ती ऐकत गेली. मी जायफळापर्यंत आले तोवर तिने माझा हात हातात घेतला होता.

"इट्स ओके, आई. तुला माहीत नव्हतं. आपण डिक्लेअर करू. तिघं खेळू."

"दीपाली बसायला हवी."

"कशावर?"

मी गुलालकडे पाहिलं. तिने माझा हात सोडला.

"तू तिला ऑलरेडी सांगितलंस का?"

"शब्द देऊन बसले गं."

"माझा घोडा. मला न विचारता."

"तिचं शेवटचं वर्ष आहे, बाळा. तुझ्याकडे नोकरी..."

"म्हणजे माझं काहीच नाही का? नोकरी आहे म्हणून बाकीचं सगळं फुकट?" तिचा आवाज चढला आणि गुलालने कान मागे टाकले. तिने लगेच आवाज उतरवला, घोड्यासाठी, माझ्यासाठी नव्हे. "तू आम्हाला लहानपणापासून काय सांगत आलीस? व्रत आपण करावं, दुसऱ्याकडून करून घेऊ नये. आणि आज व्रत तुझं, उपास मला."

मला म्हणायचं होतं की माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं गं. पण ते खरं असलं तरी बरोबर नव्हतं. जे दिलं ते माझं नव्हतंच.

"तू नाही म्हण," मी म्हटलं. "मी जाऊन दीपालीची माफी मागते. शब्द माझा आहे, तुझा नाही."

"हो, आणि मग आयुष्यभर मी ती, जिने घोडा दिला नाही. थँक यू." ती पाठ फिरवून उभी राहिली. "जा तू. सोडतीची वेळ झालीये. आधी ते कळवून ये."

मी पंचांच्या मांडवाकडे गेले. रंगराव बरोबर आले, पण बोलायचं त्यांनी माझ्यावर सोडलं. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी मला खुर्ची दिली. मी उभी राहूनच सांगितलं.

"किती खाल्लं?"

"एक पोळी. आणि थोडं पुरण."

"कोणी दिलं?"

"मी दिलं. मुलांना माहीत नव्हतं."

त्यांनी एका पंचांना बोलावलं आणि दोघं हलक्या आवाजात बोलले. मग ते म्हणाले, "कळवलंत हे बरं केलंत, पण मैना बाद. तुमचे तिघं कोण, ते सोडतीआधी कप्तानाने येऊन सांगावं." त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. विश्वजीतसारखं कोणी काही बोललं असतं तर मला बरं वाटलं असतं.

परतताना रंगराव म्हणाले, "गुलाल हुशार हाय, पण त्याला हात वळखीचा लागतो. दीपाली त्याच्यावर मोजून चारदा बसली असंल. पदक येईल न येईल, त्ये काय सांगता येत न्हाय, ताई." मी मान हलवली. म्हणजे एवढं करूनही दीपालीच्या पदरात काही पडेलच असं नव्हतं, आणि ऋतुजाच्या पदरातलं मात्र नक्की जाणार होतं.

तिघं मैनाजवळ उभे होते. दीपालीने माझ्याकडे पाहिलं. मला तिला हो सांगता येत नव्हतं, नाहीही सांगता येत नव्हतं. मी लांबच थांबले. भोंग्यावरून कप्तानांना बोलावणं आलं. विश्वजीत जागचा हलला नाही. तोही चिंचेकडे बघत होता.

चिंचेखाली ऋतुजाने डोक्यावरचं हेल्मेट काढून फांदीला अडकवलं. मग ती गुलालच्या पोटाशी वाकली. तिने पाय ठेवायच्या डाव्या रिकिबीचा पट्टा सोडला, दोन भोकं खाली घेतला आणि पुन्हा अडकवला. दीपाली तिच्यापेक्षा उंच आहे. पलीकडे जाऊन उजवाही तितकाच लांब केला. दोन्ही रिकिबी सारख्या लोंबतात का, ते समोर उभं राहून पाहिलं. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

मग तिने लगाम हातात घेतला, गुलालच्या कानाशी काहीतरी पुटपुटली, आणि त्याला घेऊन दीपालीकडे चालू लागली.