ओल्या पोत्यात तपासलेला बोल्ट

मित्रांनो, पुसदपासून काही अंतरावर एका तांड्याच्या मागे काळ्या दगडाचा उभा कडा आहे. त्या कड्यात, जमिनीपासून चार पुरुष उंचीवर, मी मानेपर्यंत रुतून बसलो आहे. मी एक जुना बोल्ट आहे. माझी लांबी तुमच्या मधल्या बोटाएवढी. आमच्या जातीच्या बोल्टांच्या मानेवर एक वाकवलेली पट्टी असते. कडा चढणारे त्या पट्टीच्या भोकात कडी अडकवतात, कडीतून दोर घेतात आणि पुढे चढतात. वर त्यांचा पाय निसटला, तर दोराचा झटका आम्हाला बसतो. तो आम्ही सोसला तर माणूस वाचतो. आमचे काम एवढेच आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. स्टीलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून मला कापले. मग न तापवता, दोन कठीण साच्यांमध्ये दाबून माझ्या अंगावर आटे उमटवले. त्या दाबाने माझ्यात एक बारीक खोड शिरली. ती मला पुढे चांगलीच नडली.

मी पुसदच्या बाजारात आलो ते २००६ साल होते. कापसाचे दिवस वाईट होते आणि लोकांचा कशावरच विश्वास उरला नव्हता. बियाण्याच्या पाकिटावर टपोरे बोंड छापलेले असे. आत काय आहे ते पेरल्यावर कळे. औषधाच्या बाटलीला उग्र वास असे, पण अळी मरत नसे. नवी वस्तू हातात घेतली की माणसे आधी ती उलटी करून पाहत.

अशा दिवसांत गौरी मला विकत घ्यायला आली. ती रसायनशास्त्राची पदवी घेऊन पुसदला काका-काकूंकडे राहत होती. तिच्यासोबत चारुदत्त होते. ते पाटबंधारे कार्यालयात नोकरीला होते आणि सह्याद्रीत कडे चढायला शिकून आले होते; गौरीलाही त्यांनीच चढायला शिकवले होते. त्यांना उन्हाळ्यात शाळेतल्या मुलींचे शिबिर घ्यायचे होते. त्यासाठी कड्यावर चोवीस बोल्ट ठोकायचे होते. पहिली चढाई गौरीच करणार होती आणि तिच्या मागून मुली चढणार होत्या.

दुकानदाराने दोन प्रकारचे बोल्ट पुढे ठेवले. एक आम्ही, जरा मळकट आणि महाग. दुसरे आमच्याच मापाचे, निम्म्या किमतीचे आणि आरशासारखे चकचकीत. आमच्याकडे बाया स्टीलचे भांडे घेताना त्याला लोहचुंबक लावून पाहतात. चिकटले तर भांडे खोटे, नाही चिकटले तर खरे. दुकानदाराने तसेच केले. चकचकीत बोल्टाला चुंबक चिकटले नाही. मला मात्र ते हळूच बिलगले.

"पाह्यलं?" चारुदत्त म्हणाले. "महागाचा डुप्लिकेट हाये. स्वस्ताचा खरा निघाला."

गौरीने चुंबक माझ्या डोक्याला लावले, मग आट्यांना लावले. आट्यांना ते जास्त ओढले जात होते.

"सर, लोखंड असतं तर सगळीकडं सारखं चिकटलं असतं," ती म्हणाली. "मले दोन्हीवर भरोसा नाही. दोन्ही घरी नेऊन पाहते."

"आता बोल्टाची बी सोयरीक पाहाची का? शिबिराले महिना उरला, पोरी!"

पण तिने दोन्हींचे पाच-पाच बोल्ट घेतलेच.

घरी तिची काकू तानाबाई अंगणात बसून सोयाबीनचे दाणे मोजत होती. शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचे, काही दिवसांनी उघडून किती उगवले ते पाहायचे, मगच बी पेरायचे, अशी त्या घराची रीत होती. गौरीने तिला आम्हा दोघांना दाखवले आणि चुंबकाची गोष्ट सांगितली.

"दुकानदारानं चुंबक लावलं अन् तू पाहत बसली?" तानाबाई म्हणाली. "मागच्या साली पाकिटावर बी लय गोडगोड लिहेल होतं. उगवलं का? पोत्याबिगर मी तुह्या काकाले एक दाणा पेरू देत नाही. तुह्ये बोल्ट काय आभाळातून पडले?"

"काकू, बोल्ट उगवत नाही वं."

"उगवत नाही, पण सडते तर! तेच पाय."

 गौरी हसत उठली आणि तिने मिठाचे पाणी केले. त्यात पोते भिजवून दहाही बोल्ट गुंडाळले आणि मोरीमागच्या सावलीत ठेवले. रोज सकाळी ती पोत्यावर तेच पाणी शिंपडत असे.

त्या अंधारात चकचकीत बोल्ट माझ्या शेजारी होता. चुंबकाच्या परीक्षेत तो पास झाला होता आणि मी नापास. खरे सांगतो, मलाही माझी शंका येऊ लागली होती. मला कोणत्या तारेतून कापले, त्या तारेत काय मिसळले होते, हे मला तरी कुठे माहीत होते?

दहाव्या दिवशी पोते उघडले. चकचकीत बोल्टांच्या आट्यांत तांबूस ठिपके पडले होते. पण एक डाग माझ्याही अंगावर होता. गौरीचा चेहरा उतरला. तानाबाईने चिंचेचा गोळा घेतला आणि आम्हाला भांड्यांसारखे घासले. माझा डाग निघून गेला आणि खालची कातडी साफ निघाली. तो पोत्यात राहिलेल्या कुठल्या तरी खिळ्याचा चिकटलेला गंज होता. चकचकीत बोल्टाचा डाग निघाला, पण खाली सुईने टोचल्यासारखी भोके उरली.

गौरीने वहीत लिहिले: "न तापवता दाबल्याने चांगल्या स्टीलमध्येही थोडे चुंबकत्व येते; उलट काही हलक्या स्टीलला चुंबक चिकटतच नाही. चुंबकावरून निवड करू नये."

मग आमच्याच जातीचे आणखी बोल्ट आणून चोवीस पुरे केले. आम्हाला गोड्या पाण्याने धुतले. तांड्यावरचा हरिसिंग बंद पडलेल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, पूर्वी मिस्त्री होता. त्याने तिथली ओझे ओढायची चेनपुली आणि कापसाच्या गाठी मोजायचा टांगता काटा मागून आणला. कड्याखालच्या एका मोठ्या धोंड्यात चार बोल्ट ठोकून त्यांना काट्याचा शेवटचा आकडा येईपर्यंत ओढले. चौघेही टिकले.

"झालं समाधान?" चारुदत्तांनी विचारले.

"आज तुटले नाही एवढंच कळलं," गौरी म्हणाली. "पण यायले लय ताण बसला. हे चार आता कड्यावर लावाचे नाही."

उरलो आम्ही वीस. हरिसिंग हातोडीने कडा वाजवत गेला. दगड खणखणीत वाजला तिथेच भोक पाडायचे, बद्द वाजला की ती जागा सोडायची. भोकातली भुकटी फुंकून काढायची, मग आम्हाला ठोकायचे. नट आवळला की माझ्या टोकाची नळी फुगते आणि दगडाला आतून धरते. मी एका वाटेवर खालून नववा होतो; त्या वाटेच्या वरच्या चार जागांसाठी आमच्याच जातीचे बोल्ट आणून लावायचे काम चारुदत्तांकडे होते.

शिबिराच्या आदल्या दिवशी सकाळी गौरी चढाईला निघाली. खाली चारुदत्तांनी दोर धरला होता. तिने माझ्यात कडी अडकवली आणि ती दहाव्या बोल्टापाशी पोचली. तिथे ती थांबली. तो बोल्ट जरा जास्तच चमकत होता. तिने खिशातून चुंबक काढून लावले. ते चिकटले नाही; आम्हाला तर ते नेहमी बिलगे.

"सर, हा आपला नाही!"

 खालून चारुदत्त ओरडले, "चार कमी पडले होते! काल सांजच्याले मीच लावले. वरचे चारच हायेत, तू जा आरामात!"

गौरीने त्यात कडी अडकवली नाही. कंबरेचा पाना काढून नट आवळून पाहिला. दुसऱ्याच झटक्याला बोल्टाचे डोके तुटून तिच्या हातात आले आणि ती मागे फेकली गेली.

मित्रांनो, तो झटका मी कधी विसरणार नाही. माझी पट्टी करकरली. दगडात माझी नळी घट्ट रुतली. गौरी माझ्याखाली दोराला लोंबकळत होती. जिवंत होती.

खाली उतरल्यावर तिने ते तुटलेले डोके चारुदत्तांच्या हातावर ठेवले. हरिसिंग म्हणाला, "साहेब, उद्या आमच्या तांड्याच्या पोरी याले लटकल्या असत्या."

चारुदत्त खाली बसले. "चुकलो, पोरी," एवढेच म्हणाले. शिबिर पंधरा दिवस पुढे गेले आणि चार नवे बोल्ट आल्यावरच भरले.

त्यानंतर अनेक उन्हाळे मुली माझ्यावरून चढल्या. "गौरीताईला वाचवणारा बोल्ट" म्हणून मला हात लावून जात. मी थोडा फुशारलोही. मग चारुदत्तांची बदली झाली, गौरी नोकरीसाठी बाहेर गेली आणि शिबिरे बंद पडली. माझ्याभोवती शेवाळ वाढले. ऊन आणि पाऊस दगडाला आतून किती पोखरतात, हे मला नीट कळले नाही. मला वाटे, मी आहे तसाच आहे.

यंदा गौरी परत आली. आता ती शिक्षिका आहे. कड्याच्या माथ्यावरच्या झाडाला दोर बांधून ती माझ्यापर्यंत उतरली. तिने शेवाळ पुसले आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिले.

"ताई, त्याले कायले तपासता?" खालून म्हातारा हरिसिंग म्हणाला. "त्यानं तर तुमाले वाचवलं व्हतं."

"तवा वाचवलं होतं, हरिसिंगभाऊ. आज काय हाये ते पाहू दे."

तिने हातोडीने दगड वाजवला. आवाज बद्द आला. तिने पाना लावला, आणि मी भोकात गर्रकन फिरलो.

तिने माझी पट्टी काढून घेतली आणि माझ्यावर लाल रंगाची फुली मारली. वीतभर नव्हे, चांगला हातभर बाजूला, खणखणीत दगडात, नवा बोल्ट ठोकला. तोही तिने ओल्या पोत्यात तपासून आणला होता.

मला वाईट वाटले, हे लपवत नाही. पण दुपारी एक मुलगी चढत आली, तिने लाल फुली पाहिली, नव्या बोल्टाला हलवून पाहिले आणि मगच कडी अडकवली. मित्रांनो, जी वस्तू तुमचा जीव धरते, तिला असेच दरवेळी हलवून पाहत जा. त्याने आम्हाला मुळीच राग येत नाही. आम्हाला आतून काय होते आहे ते सांगता येत नाही, म्हणून तुम्हालाच विचारावे लागते.