खोटी वाजलेली पळी

मित्रांनो, आमच्या घरातल्या नातीला काही रीतभात आहे का? ताटाशेजारी वही उघडून बसते आणि सगळ्यांच्या ताटांत डोकावते!

मी एक जुनी पळी आहे. तांबटाने मला जाड पितळेतून ठोकून काढले. आजीबाई या घरात सून म्हणून आल्या, पुढे सासू झाल्या, तरी मला त्यांनी दुसऱ्या हातात जाऊ दिले नाही. रांधायचे सुनेने, वाढायचे मात्र आम्ही. "पळी जिच्या हाती, घर तिच्या मुठीत," असे त्या म्हणत. मलाही ताठा होताच.

नात विद्यापीठात स्त्री-अभ्यास हा विषय शिकते. "बायकांचा कसला गं अभ्यास? स्वयंपाकघरात ये, इथे रोज परीक्षाच असते!" आजीबाई म्हणाल्या. तिच्या प्राध्यापकबाईंनी काम दिले होते: घरात कोणाला किती वाढले जाते, ते आठ दिवस लिहा. मला वाटले, आता आपले नाव विद्यापीठात गाजणार. मी आणखीच ऐटीत फिरू लागले.

आठव्या दिवशी जेवताना नातीने वाचले, "बाबा चार पळ्या. दादा चार. आजी अडीच. मी दोन. आई अर्धी."

"तिला भूकच कमी," आजीबाई फणकारल्या.

"असू दे गं, मिट ती वही," सूनबाई पुटपुटल्या. मग ताटाकडे बघतच लेकीला म्हणाल्या, "पोटात तू होतीस ना, तेव्हा फार लागायची भूक. पण पळी बुडाशी वाजली की मी आपलं 'पुरे' म्हणायचे."

मित्रांनो, मला तोंड लपवायला जागा उरली नाही. कारण पातेल्यात चांगले दोन पळ्या कालवण शिल्लक असायचे. ते स्वतःच्या लेकाच्या दुसऱ्या दिवशीच्या डब्याला राखायचे, म्हणून आजीबाई मला कोरड्या कडेवर खरवडायच्या. आणि मी खणखणीत वाजायचे. दरवर्षी कल्हई झाली माझ्यावर, पण हा डाग काही गेला नाही.

मला घासूनपुसून जरूर ठेवा. पण मी कोणाच्या ताटाशी लवकर वाजते, तेही कान देऊन ऐका.

 आजीबाईंनी मला सुनेच्या हातात दिले आणि त्या नातीला म्हणाल्या, "लिही. माझं नाव घालून लिही. कालवण होतं, मी खोटं वाजवलं. आणि एकवीस वर्षं शेजारी बसून आईच्या ताटात तूही कधी बघितलं नाहीस, तेही लिही."