वाडग्यातलं पाणी

स्तिपानने वाडगा काठोकाठ भरला आणि लेम्पीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. मग तो बाहेर घोड्यांजवळ जाऊन ओरडला,

"बाई, पाणी सांडलं तर हाक मारायची. नाही सांडलं तर कॉफी टाकायची!"

घर हललं. गोल ओंडक्यांवर चढवलेलं अख्खं घर, चुलीसकट, पडद्यांसकट, रस्त्याला लागलं. लेम्पी टेबलाला धरून उभी राहिली. दिवस भरत आले होते, पोट टेबलाला टेकत होतं. पाणी थरथरलं, पण सांडलं नाही.

त्या वर्षी आमचं सगळं गावच असं निघालं होतं. गावाखाली लोखंड सापडलं आणि कंपनीने सांगितलं, गाव उचला. घरं उचलणारी टोळी स्तिपानची, क्रोएशियातून आलेल्या माणसांची. कामाला एक नंबर. पण त्यांच्याआधी परदेशातून या खाणींवर आलेल्या आम्हा फिनिश लोकांच्या घरी त्यांचं नाव कोणी प्रेमाने घेत नसे. आमच्या संपाच्या वेळी कंपनीने संप मोडायला आणली होती ती हीच माणसं. लेम्पीच्या नवऱ्याला, तावेत्तीला, त्या संपानंतर एकाही खाणीने दारात उभं केलं नाही. तो उत्तरेला, तळ्यांपलीकडच्या रानात लाकूड तोडायला जाई आणि महिनोन्‌महिने तिकडेच असे. यावेळी निघताना बायकोला एवढंच म्हणाला होता, "त्या स्तिपानशी कामापुरतं बोल. हात मिळवू नकोस."

लेम्पीला हाताबिताचं काही पडलेलं नव्हतं. तिचा जीव मागे, अंगणात अडकला होता. तिथे तावेत्तीने बांधलेला सौना होता. वाफेने न्हायची, ओंडक्यांची एवढीशी खोली, आत दगड रचलेली भट्टी, बसायला दोन फळ्या. कंपनीचा हुकूम फक्त घर हलवण्याचा होता. खुराडं, लाकडाची शेड, सौना हे सगळं तिथेच राहायचं आणि दुपारच्या भोंग्यानंतर सुरुंगात जायचं. आमच्यात बाई बाळंत होते ती सौन्यात. ऊब असते, गरम पाणी हाताशी असतं, आणि घरात त्याहून स्वच्छ जागा नसते. लेम्पीचं पहिलं मूल खानावळीच्या माडीवर झालं होतं, गारठ्यात, आणि ते राहिलं नाही. तेव्हापासून तिने मनाशी धरलं होतं, पुढचं होईल ते सौन्यातच.

घर वळणावर आलं आणि तिने खिडकीचा आधार घेतला. हात वाडग्याला लागला. पाणी ओट्यावर सांडलं.

"थांबा! अहो, थांबा!"

स्तिपान शिडीवरून धावत आत आला. "कुठल्या बाजूला कललं?"

"घर नाही कललं," लेम्पी कशीबशी म्हणाली. "मला कळा सुरू झाल्या."

फीना मावशी घरामागून चालतच होती. आमच्यातल्या अर्ध्या गावाला या जगात तिनेच ओढून काढलेलं. ती वर आली, लेम्पीच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "सौना तापवायला हवा. आत्ता."

"तो मागेच राहिला ना मावशी," म्हणताना लेम्पीला रडू फुटलं.

"काय राहिलं मागे?" स्तिपान म्हणाला. "ती झोपडी? मांस धुरवायची?"

"मांस कसलं, मेल्या! माणसं बसतात त्यात."

"म्हणजे गावात बोलतात ते खरं?" स्तिपानने छातीवर क्रूसाची खूण केली. "कपडे काढून आत तुम्ही कसलीतरी प्रार्थना करता म्हणे."

"करतो तर! तुझ्यासारख्यांना अक्कल यावी म्हणून. आता हिला तिकडे न्यायचं कसं ते बोल."

"तिकडे कोणी जायचं नाही, आजीबाई. भोंगा झाला की सुरुंग आहेत."

लेम्पीने त्याची बाही धरली. "पहिलं गेलं हो माझं. हे जाऊ देऊ नका."

स्तिपानने त्या बाहीकडे पाहिलं. मग तो खाली उतरला आणि घोड्यांचे साखळदंड सोडायला लागला.

"घर राहू दे इथेच," तो टोळीला म्हणाला. "आधी ती प्रार्थनेची खोली आणायची."

"हुकूम घराचाच आहे," कोणीतरी म्हणालं.

"हुकूम मला वाचून दाखवू नकोस. पहारी घे."

भर रस्त्यात घर उभं, आणि त्याच्यामागे खाणीच्या साहेबाची मोटार येऊन अडकली. साहेब लालेलाल होऊन उतरला. हे घर इथे कोणी सोडलं?

"मी," स्तिपान म्हणाला. "बाई अडली आहे."

"उद्यापासून तुला काम नाही!"

"बरं," स्तिपान म्हणाला. "आज आहे ना?" आणि तो घोड्यांना घेऊन मागे वळला.

त्याच्या आधीच फीना मावशी सौन्यापाशी पोचलेली होती. तिने भट्टी पेटवूनही टाकली. टोळीने सौन्याखाली पहारी सारल्या, ओंडके लोटले, आणि धुराडं धूर सोडत असतानाच तो सौना अंगणातून बाहेर पडला. घरापाशी पोचतो तोच भोंगा झाला. मागे जमीन हादरली. जिथे लेम्पीचं अंगण होतं तिथे धुळीचा लोट उठला आणि त्यातले खडे इथवर येऊन पडायला लागले.

"इथे थांबून चालणार नाही," स्तिपान म्हणाला. "बाईला आत घ्या. घराला वळसा घालून पुढे जाऊ. चालत्यातच होऊ दे."

लेम्पीला आत नेलं. स्तिपानने खिडकीतला वाडगा उचलला, पुन्हा काठोकाठ भरला आणि सौन्याच्या उंबऱ्यावर ठेवला. मग तो वाकून, वाडग्यावर डोळे लावून, सौन्याबरोबर पाऊल पाऊल चालायला लागला. घोडे इतक्या हळू जन्मात कधी चालले नसतील. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं येऊन उभी राहिली, आमची आणि त्यांचीही. लेम्पी ओरडली की स्तिपान घोडे थांबवायचा.

"पाणी सांडलं का?" आतून फीना मावशी ओरडली.

"नाही!"

"मग थांबतोस कशाला? ती ओरडणारच! तू चाल!"

जुनं गाव संपलं, नवं अजून लांब होतं. मधल्या दलदलीपाशी आतून बारीकसं रडणं ऐकू आलं, मग चांगलं खणखणीत. मुलगी झाली होती. स्तिपान धुळीत बसला. त्याने वाडगा उचलला आणि सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं.

टोळीने घर नव्या जागी बसवलं, मागे सौनाही. स्तिपान तेव्हा टोळीत नव्हता.

शनिवारी तावेत्ती रानातून आला. लेम्पीने सगळं सांगितलं, कोणी केलं तेही. तो मुलगी मांडीवर घेऊन बसला. तिचं नाक आपल्यासारखं आहे का ते बोटाने चाचपून पाहिलं. मग उठला, बर्चची लाकडं फोडली, सौना तापवला आणि फीना मावशीला म्हणाला, "त्याला बोलव."

स्तिपान आला तो काळा सूट घालून. गळ्याशी कॉलर घट्ट, केस तेल लावून चापून बसवलेले, हातात चर्चमधली मेणबत्ती. टोपी काढून दाराशी उभा राहिला.

"मी कुठे उभं राहायचं असतं?" त्याने हळूच विचारलं.

"आधी कपडे काढ," फीना मावशी म्हणाली.

त्याने वर आभाळाकडे पाहिलं.

"काढ रे बाबा. मी करते तिकडे तोंड. तुझ्यात काय बघायचंय मेलं!"

आत तावेत्ती फळीवर बसला होता. त्याने सरकून वरची जागा दिली. ती पाहुण्याची जागा. मग साबण घेतला आणि स्तिपानची पाठ घासायला लागला, भाऊ भावाची घासतो तशी, मानेपासून कमरेपर्यंत. स्तिपान ताठ बसून राहिला. मेणबत्ती त्याच्या मुठीतच होती, उष्णतेने वाकून गेलेली.

"आता काय म्हणायचं असतं?" तो कुजबुजला.

"इथे काही म्हणायचं नसतं."

तावेत्तीने दगडांवर पाणी टाकलं. वाफ फसफसत वर आली.

"पण मला म्हणायचं आहे," तावेत्ती म्हणाला. त्याने पाण्याची बादली पायाने बाजूला सरकवली. आम्हा लोकांना सरळ बोलायचं जमत नाही. मग तो दगडांकडे बघत म्हणाला, "सोमवारी मी रानात परत जातोय. माझी करवत दोन मुठींची आहे. दुसऱ्या मुठीला माणूस नाही."

स्तिपानने मेणबत्ती फळीवर ठेवली. मग त्याने हात पुढे केला.