खिडकीचा मान

कचेरीतली एकुलत्या एका खिडकीजवळची खुर्ची रिकामी झाली, आणि भाषांतराच्या खोलीत तिघांचे जीव टांगणीला लागले. ताईंचा जरा जास्तच. औषधांच्या खोक्यातले माहितीचे कागद त्यांच्याकडे. अक्षर खसखशीएवढं, आणि बसायची जागा कपाटाआडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. मागच्या आठवड्यात ‘दोन थेंबां’चे ‘दोन चमचे’ होता होता राहिले होते.

साहेबांनी निकाल दिला, “ज्याची भाषा सगळ्यात जुनी, त्याला खिडकी. वडीलधाऱ्यांचा मान.”

झालं! कोर्टाचे कागद करणारे वकीलबुवा उसळले. “आमची भाषा बोलली जात होती, तेव्हा बाकीच्यांची माणसं झाडाला लोंबकळत होती!”

“लोंबकळताना काय मुकी होती?” ताई म्हणाल्या. “पहिल्या आईनं पहिल्या कार्ट्याला ‘खाली उतर’ म्हणून दटावलं, ती माझी भाषा.”

“पुरावा?” साहेब.

शिलालेख वाचणारे काका सावकाश उठले. दोन वर्षांत त्यांच्याकडे एक चिठोरंही आलं नव्हतं. त्यांची भाषा बोलणारं कुणी उरलंच नव्हतं. त्यांनी एका दगडाचा फोटो टेबलावर ठेवला. “चार हजार वर्षं.”

“अहो, ते लिहिण्याचं वय झालं, बोलण्याचं नव्हे!” ताई कळवळल्या. “पहिल्या माणसानं तोंड उघडलं तेव्हा टिपून घ्यायला कारकून बसला होता का?”

पण साहेबांना कागद दिसला की दुसरं काही दिसत नाही. खिडकी काकांना मिळाली.

तिसऱ्या दिवशी काका कोपऱ्यात हजर. डोळे लालभडक. “पोरी, जागा बदलतेस? ऊन थेट तोंडावर, समोर साहेबांच्या खोलीची काच. जेवणानंतर डोळ्याला डोळा नाही गं!”

ताईंना आतून उकळ्या फुटल्या. चेहरा मात्र सुतकी. “छे हो काका! चार हजार वर्षांचा मान. मी कोण घेणारी?”

“तुझी पाच हजार. बस?”

“साहेबांपुढे म्हणा.”

काका साहेबांपुढे उभे राहिले. “दगड नीट वाचला, साहेब. त्यावर लिहिलंय, ‘आम्ही बोलायला शेजाऱ्यांकडून शिकलो.’”

“शेजारी कोण?”

“ताईंची माणसं.”

तो दगड वाचता येणारे कचेरीत एकटे काकाच. खोटं पाडणार कोण? साहेबांनी सही ठोकली.

काकांचं मन फिरायच्या आत ताईंनी चष्मा, शब्दकोश, पाण्याची बाटली उचलून खिडकी गाठली, आणि कोपऱ्यातून घोरणं ऐकू येईपर्यंत श्वास काही सोडला नाही.